आतल्या बाजूचा काप

मासो, ७ मार्च १९९३

चि. एवेलिओ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावलास तरी साडेसहाशे किलोमीटरवरून माझं काय वाकडं करणार आहेस? इकडे सगळं तसंच. कॉफी म्हणून भाजलेले वाटाणे उकळतो, आणि छान झालीय असं एकमेकांना सांगतो.

तुझ्या दाजींचं डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, शहरापर्यंत पंचावन्न किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. पेट्रोलच्या टंचाईमुळे जानेवारीपासून बस बंद. कारखान्याने त्यांना बक्षीस दिलेली ती म्हातारी मोस्कविच गाडी, तीच आता आमचे हातपाय. जाताना ते चालवतात. येताना पार गळून गेलेले असतात, म्हणून मी चालवते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय की जाणं थांबलं तर दहा दिवसांच्या आत पाणी छातीत चढेल, आणि मग त्यांच्याही हातात काही नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या उजव्या टायरला उसाची बैलगाडी घासून गेली. बाहेरच्या कडेला बोटभर साल निघालीय. हे म्हणतात, काही नाही, खरचटलंय. स्टेपनी कधीच चाकावर चढलीय. पेट्रोलची चिठ्ठी हॉस्पिटल देतं, टायरची चिठ्ठी कोणीच देत नाही. तू पंक्चरवाला, तुझा शब्द हे मानतात. माझा मानतात थोडाच! तेव्हा चालेल की नाही ते दोन ओळींत कळव. पत्र मी त्यांना वाचूनच दाखवीन.

पोरांना पापा. माझी आठवण अधूनमधून काढत जा, एवढंच मागणं.

तुझी ताई,
मिग्दालिया


मातान्सास, १७ मार्च १९९३

ती. ताईस सा. न. वि. वि.

दोन ओळींत काय कळवू? तुला माहीत आहे, टायरचा विषय निघाला की माझं तोंड बंद होत नाही.

नुसती साल निघाली असेल तर चालेल. नखाने उकरून बघ. आत काळं रबरच दिसलं तर बिनघोर जा. पण पांढरे दोरे दिसले तर तो टायर मेला, त्याला पुरून टाका. मधल्या पट्ट्यात खिळा घुसला तर मी डोळे मिटून जोडून देतो. कडेला मात्र ठिगळ टिकत नाही, कारण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला कड वाकते. तीस वर्षांत कडेला कापलेल्या टायरला मी कधी चालेल म्हटलेलं नाही, मग तो कोणाचा का असेना.

आणि हो, आतली बाजूही बघा. गाडीखाली आडवं होऊन, बत्ती धरून. आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. एका कडेला काप गेला की टायर रिमवरून उतरवायचा आणि उलटा करून बसवायचा. काप आत जातो, डोळ्याला दिसत नाही, आणि मग तो नाहीच असं धरून चालतात. ही विद्या दाजींना मीच शिकवली, तुमच्या लग्नाच्या वर्षी, बीअरच्या नादात. तेव्हा त्यांना विचार, आणि ते हसले तर स्वतः बघ.

तेरा इंची टायर मी शोधतोच आहे. बंदरावर विचारलं, शववाहिनीच्या ड्रायव्हरलाही विचारलं. त्याचे टायर माझ्या टकलाइतके गुळगुळीत! माझ्याकडे हल्ली फक्त चिनी सायकली येतात.

दाजींना नमस्कार. डोक्यावर तुझा हात आहेच, तो उचलू नकोस.

तुझा,
एवेलिओ


हॉस्पिटलमधून, २७ मार्च १९९३

प्रिय एवेलिओ, स. न. वि. वि.

हे पत्र नर्सबाईकडून पोस्टात टाकतोय. मिग्दालियाला यातलं काही कळता कामा नये.

अरे शहाण्या, तुला आतल्या बाजूचं लिहायला सांगितलं कोणी? तिने तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचलं. मी हसलो नाही, घाबरू नकोस. सांगितलं की मी खाली आडवा होऊन बघितलं, एकदम स्वच्छ आहे. तिने मान डोलावली आणि ताट उचललं.

खरं तुला सांगतो. आत चार बोटं काप आहे. दोरे बाहेर आलेत आणि बाजूला लिंबाएवढा फुगा आहे. जानेवारीतच मी टायर उलटा बसवला. आतून जुन्या टायरचा तुकडा लावलाय, त्यावर ट्यूब. किती दिवस? हे तू मला विचारू नकोस, मी तुला विचारत नाही.

मी जाणारच. नाही गेलो तर दहा दिवस, गेलो तर टायर फुटेपर्यंत. माझं गणित सोपं आहे. पण ती कशाला रे? मी नको म्हटलं तर ती ऐकणार नाही, भांडेल. तुझं ऐकेल. तिने गाडीत बसू नये असं काहीतरी लिही. वजनाचं लिही, हवेचं लिही, तुझ्या धंद्यातलं काय वाटेल ते लिही. येताना मी दोन तास पडून राहीन आणि हळूहळू येईन. रस्त्यात काही झालंच तर एकट्याचं होऊ दे.

तुझ्याकडे आजवर कधी काही मागितलं नाही. हे एकच मागणं राखून ठेवलं होतं असं समज.

तुझा,
आर्सेनिओ


मातान्सास, ६ एप्रिल १९९३

ती. ताईस सा. न. वि. वि.

सर्व कुशल. तुमच्या टायरविषयी विचार केला. साल गेलेल्या टायरवर जास्त भार नसावा. गाडीत एकाच माणसाने बसावं हे उत्तम. तेव्हा तू काही दिवस घरीच राहा. दाजी परत येताना थोडी विश्रांती घेऊन सावकाश चालवतील. हवा किंचित कमी ठेवावी. काळजी नसावी.

टायर अजून मिळालेला नाही. शोध चालू आहे.

कृपा असावी.

एवेलिओ


मासो, १४ एप्रिल १९९३

चि. एवेलिओ यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि खूप दिवसांनी पोटभर हसले, मग चुलीपाशी बसून पोटभर रडले. काळजी नसावी म्हणे! जन्मात कधी हे शब्द लिहिलेस का रे? आणि हवा कमी ठेवा म्हणतोस? हवा कमी ठेवली की कड आणखी वाकते, हे तूच मला शिकवलंस. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणीही येत नव्हतं. दाजींनी तुला लिहिलंय, होय ना?

परत येताना गाडी मी चालवते, एवेलिओ. त्या फुग्याचा दणका प्रत्येक फेऱ्याला माझ्या पाठीला बसतो. जानेवारीतच मी खाली आडवी होऊन बघितलं होतं. बोलले नाही, कारण मला कळलंय हे त्यांना कळलं असतं तर माझ्या जिवासाठी त्यांनी जाणंच सोडलं असतं. मार्चमधलं पत्रही मी तुझ्यासाठी लिहिलं नव्हतं. बाहेरच्या सालीचं विचारलं की तू चालेल म्हणशील, ते त्यांच्या कानावर पडेल आणि ते निवांत गाडीत बसतील, एवढाच माझा डाव होता. तू आतल्या बाजूचा पाढा वाचत सुटलास! मी ताट उचललं ते त्यांना माझा चेहरा दिसू नये म्हणून.

वजन कमी करा म्हणतोस. त्यांचं आता एक्कावन्न किलो आहे. डायलिसिस झाल्यावर उभंसुद्धा राहवत नाही, दोन तास पडून काय होणार? एकटे निघाले तर टायर राहू दे, पहिल्याच वळणावर डोळा लागेल. मी तीसच्या वर नेत नाही. ते काचेला डोकं टेकून झोपतात, आणि मी दणके मोजत घरी आणते. हेच आमचं चाललंय, आणि टायर आहे तोवर हेच चालेल.

आता माझं ऐक. टायर शोधणं सोड, उगाच वणवण करू नकोस. तुझं पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. त्यांना वेगळं लिही. लिही की ताई ऐकत नाही, पण मी नीट चौकशी केलीय आणि तो टायर चालेल. तीस वर्षांत कोणाला म्हटलं नाहीस, मला माहीत आहे. तरीही लिही. अक्षर मोठं काढ, त्यांना आता नीट दिसत नाही.

उद्या गुरुवार. सातला निघतोय, दोघंही.

तुझी ताई,
मिग्दालिया