डोंगा बांधेपर्यंत

बाबा, आईने परवापासून काही खाल्लेलं नाही. पाणी तेवढं पिते. ताट समोर ठेवलं की दाराकडे बघते आणि म्हणते, "तुहा बाप पाण्यात आहे अजून." डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. आज शनिवार आहे.

हा नियम तिचाच होता. तुम्ही तलावावर सहलीच्या लोकांना डोंग्यातून फिरवायचात, आणि तुमचा डोंगा काठाला बांधला गेल्याशिवाय ती घास उचलत नसे. कार्तिकात एक दिवस तुम्ही गिऱ्हाईक घेत नसा. त्या दिवशी सहलीचे लोक आम्हीच. तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या आवळ्याखाली ती गोवऱ्या पेटवते, पळसाच्या पानात कणीक गुंडाळून पानगे निखाऱ्यात ठेवते, शेजारी वांग्याची भाजी शिजते. तुम्ही माझ्या हातात वल्हं देता. काठाला आल्यावर दोरीची गाठ मला मारू देता, मग वाकून बघता. "हे काय बांधलं बे? याच्यानं बकरी तरी थांबन का?" आई हसते, पण ताटाला हात लावत नाही. तुम्ही गाठ सोडून पुन्हा बांधता. मग ती जेवते.

तुम्ही गेलात ते घरी, खाटेवर, तापाने. अकरा वर्षं झाली. यंदा तिने पहिल्यांदा तुमची चौकशी केली तेव्हा मी खरं सांगितलं. ती रडली आणि विसरली. संध्याकाळी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा तितकीच रडली. चार दिवस मी तिला रोज विधवा केलं. नंतर ती रडायची थांबली, आणि जेवायचीही. तुम्ही पाण्यात आहात, एवढंच तिच्याजवळ उरलं.

मागच्या रविवारी घरून, कुडव्याहून, ऑटो करून तिला तलावावर नेलं. वाटलं, आवळ्याखाली बसली तर जेवेल. आता तिथे तिकीटखिडकी आहे, बदकाच्या आकाराच्या पायडलच्या बोटी आहेत, मंचुरियनच्या गाड्या, स्पीकर. लोक मजेत होते. एक कुटुंब गवतावर चादर टाकून मटण खात होतं आणि हाडांवरून भांडत होतं. मी गोवऱ्या पेटवल्या. पानगे बाहेरून करपले, आतून कच्चे राहिले. आई पाण्याकडे बघत होती. पाण्यावर नऊ बोटी होत्या. तिला कुठे आणून बसवलं ते मला तेव्हा कळलं. एकही बांधलेली नव्हती.

मी खिडकीवरच्या माणसाला म्हटलं, जरा वेळ सगळ्या बोटी आत बोलवा.

"कायले जी? संडे है भैया. कोणी बुडून राहिलं का?"

"माझी आई जेवत नाही."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग भेल घेऊन जा न तिच्यासाठी."

मी हात जोडले. भर गर्दीत, पन्नाशीच्या माणसाने. तो गडबडला. म्हणाला, "सगळ्या नाई जमत. तुम्ही एक घेऊन जा."

मी बोट थोडी आत नेली आणि परत आणली. गुडघाभर पाण्यात उतरलो, वाकून दोरी खुंटाला बांधली. गाठ तुमच्यासारखी नव्हती. मागून आईचा आवाज आला, "आले का जी?"

मी वळलो नाही. "आलो. जेव तू आता." आवाज तुमचा काढला.

"अन् पोरगा?"

"घरी आहे. जेवला तो."

तिने दीड पानगा खाल्ला, कच्च्यासकट. मी तिच्या आणि पाण्याच्या मधे पाठमोरा बसून राहिलो.

तेव्हापासून घरी तेच करतो. मागच्या नळाखाली गुडघ्यापर्यंत पँट भिजवतो, खांद्यावर दोरी टाकतो, पुढच्या दाराने आत येतो आणि तुमच्या आवाजात सांगतो, आलो. बुधवारपर्यंत चाललं. गुरुवारी तिने माझे पाय बघितले, दोरी बघितली, मग चेहरा बघितला. "तू कायले भिजला, बाबू? जाय, तुह्या बापाले आवाज दे." आणि ताट सरकवलं.

आज सकाळपासून चारदा भिजून आलो. चारही वेळा तिने मला ओळखलं. आता काय करू, ते तुम्हाला विचारायला बसलो होतो. पँट अजून ओली आहे, गुडघ्यावर धरलेला कागद भिजतोय. तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. चौथ्यांदा तिने मला नावाने हाक मारली. ती उपाशी होती, आणि मला बरं वाटलं.