साठवणारीची झुंज

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र पाहून हसशील, हस. फोनवर मी तोंड उघडलं की तू "मुद्द्याचं बोल" म्हणतोस आणि माझा मुद्दा घशातच राहतो. कागद मध्ये बोलत नाही, ते बरं असतं.

इकडे सगळं ठीक. उन्हाळा लागायच्या आधीच लोकांचे फ्रीज मान टाकायला लागलेत, त्यामुळे दुकानात उसंत नाही. वहिनी बरी आहे. बाथरूममध्ये पडून मोडलेल्या मनगटाचं प्लॅस्टर या आठवड्यात काढतील. फोन का उचलत नाही विचारलंस. अरे, ती झोपते. आल्यापासून नुसती झोपते, जेवते आणि पुन्हा झोपते. "हाताने काम होत नाही तोवर तुझ्याकडे ठेव" असं तू गमतीत म्हणाला होतास ना, मग राहू दे की थोडी. तुझ्याकडे कसली घाई पेटली आहे?

बरं, खरी अडचण खेळाची आहे. तू शिकवलेला, फासे टाकत एकेकाने पात्र घेऊन गोष्ट रचायचा खेळ रविवारी दुपारी अजून चालतो. शटर अर्धं खाली, मधोमध मेलेला डीप फ्रीजर आडवा, त्याच्या झाकणावर फासे. मी सूत्रधार, म्हणजे गोष्ट आणि राक्षस माझे. नेहमीचे दोघं: निवृत्त नर्सबाई, ज्यांचा वैद्य बरे करतो त्यापेक्षा जास्त मारतो, आणि समोरच्या गॅरेजमधला पोरगा, ज्याला सगळे पाना म्हणतात आणि जो आपल्या पात्रासाठी दर महिन्याला कुठून तरी नवाच पेशा उचलून आणतो. योद्धा, चोर, मांत्रिक त्याला चालतच नाहीत. मागच्या वेळी "मधमाश्यांचा सेनापती" आणला. त्याच्या माश्या राजाच्या कानात शिरल्या, डोळ्यांतून बाहेर पडल्या, सिंहासनावर रक्ताचा चिखल! इथवर मजा होती. मग म्हणतो, प्रत्येक माशीचा वेगळा फासा टाकणार. दुपार गेली माझी माश्या मोजण्यात. कर्म माझं!

तेव्हापासून मी नियम केलाय. अनोळखी पेशा आला की त्याला थेट गोष्टीत घ्यायचं नाही. आधी माझ्या राक्षसाशी एकट्याने झुंज. कुणी मदत करायची नाही. तो पेशा मार कसा खातो, कसा देतो, हे मला डोळ्यांनी दिसलं की मग त्याची नखं कापायची का वाढवायची ते ठरवते. तूच सांगायचास ना, नव्या पेशाला नाही म्हणू नये, आधी विचारावं, "तुझी पाळी आली की तू नक्की काय करतोस?"

तर आता वहिनी एक पेशा घेऊन आली आहे. हो, आपली वहिनी! कोपऱ्यात बसून बघत असायची, परवा एकदम म्हणाली, "मी पण खेळू?" पेशा तिने स्वतः रचलाय. नाव "साठवणारी". हत्यार नाही, चिलखत नाही. तिला बसलेला प्रत्येक घाव आत साठतो. एकदा, फक्त एकदाच, ते सगळे एकदम परत देता येतात. पण त्याआधी प्रत्येक घाव क्रमाने, मोठ्याने सांगायचा. एक जरी विसरला तर सगळे वाया.

मी म्हटलं, वहिनी, हा पेशा घेईल कोण? नुसतं उभं राहून मार खायचा? ती म्हणाली, "असतात लोक." पाना खो खो हसला.

मला कळत नाहीये, हा फार कमजोर आहे का फार भारी. तुझं डोकं यात चालतं, काय ते कळव. रविवारी तिची झुंज आहे.

तुझी,
चिमी


११ मार्च

दादा,

तुझा निरोप मिळाला. "नाटकं पुरे. गुरुवारी न्यायला येतो, तयार ठेव." वाचला. दोनदा वाचला.

इकडे ठीक. आइस्क्रीमवाल्याचा कॉम्प्रेसर आज जळाला, त्याने डोकं खाल्लं. वहिनीचं प्लॅस्टर निघालं, हात काडीसारखा झालाय. पाऊस नाही, धूळ फार. आणखी काय लिहू? चार ओळी झाल्या आणि मी अजून धुळीवरच आहे. जाऊ दे. तुला मुद्दा आवडतो ना, मग ऐक.

रविवारी झुंज झाली. माझा राक्षस तुला माहीत आहे, लोखंडी गदेवाला. मी काही हात राखला नाही. पहिल्याच फटक्यात साठवणारीचा खांदा निखळवला. मग केसांना धरून भिंतीवर आपटली. गुडघ्याची वाटी फोडली. तोंडावर बुक्की, दात घशात. ती पडल्यावर पाठीवर पाय देऊन बरगड्या मोडल्या, एकेक, आवाजासकट. तुला ठाऊक आहे, मी रंगले की थांबत नाही. पाना टाळ्या पिटत होता.

वहिनी एकदाही "मी वार चुकवते" म्हणाली नाही. नियमात चुकवायची मुभा होती. नर्सबाईंना राहवेना. "अगं, सरक की बाजूला! मरशील!"

वहिनी म्हणाली, "चुकवलं की जास्त बसतो."

आम्हाला वाटलं, काय डोकं लावून खेळते बाई!

तिचा जीव अगदी थोडा उरला तेव्हा ती स्टुलावरून उठली. "आता परत देते." आणि सांगायला लागली. पहिला, गदेचा, खांद्यावर. दुसरा, भिंतीवर. तिसरा, गुडघ्यावर. चौथा, तोंडावर. पाचवा, बरगड्या. मी बोटांवर मोजत होते. बरोबर पाच. मी फासे तिच्याकडे सरकवले.

ती थांबलीच नाही.

"सहावा. कपाटाच्या दारात बोटं. दार दोनदा लावलं. सातवा, इस्त्री. दंडाच्या आतल्या बाजूला, बाही झाकते तिथे. आठवा, पोटात लाथ. तिसरा महिना होता."

दादा, तिसरा महिना. तेव्हा तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला होतास. "आपलं नशीबच नाही गं, चिमे." मी तुझी पाठ थोपटत बसले होते आणि ती आत एकटी पडून होती. आठवलं की अंगाची लाही होते.

ती सांगत राहिली. आवाज चढला नाही, उतरला नाही, रडलीसुद्धा नाही. शेवटचा होता मनगटाचा. "बाथरूममध्ये नाही. गॅलरीत. पिळून."

पाना भाबडा, त्याला खेळच दिसत होता. "अहो वहिनी, पण हे राक्षसाने नाही मारलेत. हे कसे धरायचे?" नर्सबाईंनी त्याच्या तोंडावर हातच ठेवला. मग ते दोघंही माझ्याकडे बघायला लागले, आणि वहिनीही. आमच्या टेबलावर सूत्रधार जे म्हणेल ते शेवटचं.

मी म्हटलं, "धरले. सगळे धरले."

तिने डाव्या हाताने फासे टाकले. पुढचं वर्णन माझं नव्हतं, तिनेच केलं. राक्षसाची बोटं आधी गेली, मग दंड भाजला, कातडं सुटून लोंबायला लागलं, मग पोट फाटलं, आतलं सगळं जमिनीवर आलं, आणि तो ते हातांनी गोळा करून परत आत भरायला बघत होता. तो मेला तरी ती थांबली नाही. मेलेल्याचं मनगट पिरगाळलं. चेहरा ओळखू येणार नाही इतका ठेचला. कुणी तिला अडवलं नाही. मी तर म्हणत होते, अजून दे, अजून दे त्याला. आणि दादा, खरं सांगते, माझ्या डोळ्यांपुढे राक्षस नव्हता.

तुझं उत्तर मला पाठ आहे. "खेळात काहीही बोलते. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. चुकून हात लागला असेल." गप्प बस. नर्सबाईंनी तिला आत नेऊन बाही वर केली. मीही पाहिलं. इस्त्रीचं टोक जसंच्या तसं उमटलंय. चुकून इस्त्री दंडाच्या आतल्या बाजूला लागते होय रे?

सोमवारी दुकान बंद ठेवलं. आधी दवाखान्यात गेलो, मग पोलीस चौकीत. चौकीच्या पायरीवर तिचे पाय अडले. म्हणाली, "त्यांची नोकरी जाईल." त्यांची! तुझी! मला तर भडकायलाच झालं, पण नर्सबाई म्हणाल्या, "तिला ठरवू दे. आजवर सगळ्यांनी तिच्यासाठी ठरवलंच आहे." आम्ही पायरीवर बसून राहिलो. मग ती उठली आणि एकटी आत गेली. बाहेर आली तेव्हा जबाब लिहून झाला होता. तुला बोलावणं येईलच. मीही साक्ष देणार आहे. खोटं एक अक्षर बोलणार नाही आणि खरं एक अक्षर गाळणार नाही.

माझा तुझ्यावर जीव आहे रे. मला सायकल तू शिकवलीस, हा खेळ तू शिकवलास, बाबा गेल्यावर शाळेत पोचवायला तू यायचास. हे सगळं खरं आहे, म्हणून तर तुझी इतकी किळस येते. परका असतास तर शिवी देऊन मोकळी झाले असते.

गुरुवारी येऊ नकोस. आलासच तर शटरबाहेर मी उभी असेन. गॅरेजमधली सगळी पोरंही असतील, पानाने त्यांना सांगून ठेवलंय. आणि मी हात राखत नाही, हे तू वर वाचलंच आहेस.

कुरिअरचं पाकीट चिकटवायच्या आधी वहिनीला विचारलं, तुझ्याकडून काही लिहू का? तिने स्वतःचं मनगट एकदा वळवून पाहिलं. मग म्हणाली, "लिही, मी येत नाही." एवढंच म्हणाली, तेवढंच लिहिते.

ती येत नाही.

तिची नणंद