ताईचं खुराडं आणि माझा बेकारभत्ता

व्हर्नाताई, सरकारी कचेरीच्या फोनवर 'होल्ड'चं संगीत ऐकत म्हातारे होणाऱ्या आपल्या दोघांनाही नमस्कार.

ओहायोत मी ठणठणीत आहे. हल्ली मला तिन्ही वेळा बीन्सच आवडतात. तुझा गुडघा कसा आहे?

बेकारभत्ता जरा अडलाय. 'या आठवड्यात काम नाकारलं का?' या प्रश्नावर, तुझं कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करायला नकार दिल्याचं मी खरं खरं कळवलं. सरकारशी खोटं बोलणं तत्त्वात बसत नाही.

भत्त्याच्या कचेरीतल्या बाईंनी फोनवर विचारलं, "मजुरी काय ठरली होती?"

"ताई ॲपल पाय देणार होती."

"म्हणजे मजुरी होतीच की. मजुरीचं काम नाकारलं की भत्ता बंद."

ॲपल पाय ही खरंच मजुरी होती का, हे विचारायला मंगळवारी त्या तुला फोन करतील. लहानपणापासून मला ऐकवतेस तेच त्यांना ठणकावून सांग: "डेल्बर्ट माझ्याकडे काम न करताच खातो."

तुझा तत्त्वनिष्ठ भाऊ,
डेल्बर्ट