नटावरचा पिवळा ठिपका

नागपूर,
मंगळवार, १३ जानेवारी २०२६

प्रिय लहानू,

अनेक आशीर्वाद. अक्षर पाहूनच ओळखलं असशील. नसेल ओळखलं तर सांगतो, मी गोपाळ, तुझ्या जिजाचा नवरा. एवढ्या वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, इकडे सगळे हातीपायी धड आहेत. तुझी बहीण बरी आहे. उद्याच्या संक्रांतीसाठी सकाळपासून तीळ भाजते आहे आणि मी येता-जाता चिमूटभर उचलतो म्हणून मला ऐकवते आहे. तुझ्या कौशल्याचे गुडघे कसे आहेत? यंदा तुमच्या भिवापुरी मिरचीला रंग चांगला आला असं जिजा सांगत होती. तुम्हा बहीणभावाचं फोनवर बोलणं होतं ते मला कळतं. मी त्या वेळी मुद्दाम अंगणात जाऊन बसतो.

आता बातमी. आपली अ‍ॅम्बेसेडर पुन्हा चालू झाली! तीच मार्क टू, जिच्यातून तुझी वरात निघाली होती आणि उमरेडच्या अलीकडे बंद पडली म्हणून नवरदेवाने कोट काढून धक्का मारला होता. तिचं इंजिन तीन वर्षांपूर्वी जाम झालं. जितेंद्र म्हणाला, बाबा, विकून टाका. मी म्हटलं, आधी मला विक. मग भंगारातून कॉन्टेसा गाडीचं इंजिन आणलं. आपलं होतं पंधराशे सीसीचं, हे अठराशेचं. अंगणात लोखंडी तिपाई उभी केली, चेन-पुली टांगली आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी घरच्या घरी इंजिन बसवलं. बसता बसेना. पंखा रेडिएटरला घासायचा, म्हणून रेडिएटर चार बोटं पुढे सरकवला. गिअरसाठी खालचा पत्रा कापला. इंजिनाखालचं भांडं चाकं वळवणाऱ्या दांड्यावर टेकायचं, म्हणून तो दांडा सोडवून पुन्हा बसवला. जोर वाढला म्हणून पुढचे ब्रेकही बदलले. पाने हातात द्यायला जितेंद्रची मुलगी रितिका होती. तेवीस वर्षांची आहे, नोकरीवरून आली की नखात ग्रीस घालून घ्यायला तयार.

गेल्या गुरुवारी पहिली फेरी मारली. रितिकाने चालवली, मी बाजूला बसलो. वाडीपर्यंत जाऊन आलो. गाडी छान चालली.

येत्या रविवारी खाप्याला लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. या गाडीनेच जायचं ठरलं आहे. रितिका चालवणार, मी पुढे, मागे जिजा आणि सूनबाई हर्षा. तू शनिवारपर्यंत एकदा येऊन जा. काम काही नाही. गाडी पाहायला ये.

तुझा,
गोपाळराव


बुधवार, संक्रांत, दुपार

काल पत्र इथेच संपवलं होतं. पाकिटात घातलं, चिकटवायला गोंद घेतला आणि पुन्हा बाहेर काढलं. गाडी पाहायला ये म्हणून तू येणार नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

सगळे गच्चीवर पतंग उडवताहेत. "ओ काट" चा गलका खालपर्यंत येतो आहे. अंगणात मी आणि गाडी दोघंच आहोत, म्हणून लिहायला बरं आहे. फोन करता आला असता, पण आपल्या घरात फोन म्हणजे चार जणांनी ऐकायची गोष्ट. शिवाय कागदावर लिहिलं की मी काय बोललो ते मला पुन्हा वाचता येतं. हल्ली मला त्याची गरज पडते.

शनिवारी हर्षा कपडे धुवायला टाकत होती. माझ्या खाकी शर्टाच्या खिशात तिला एक पिन सापडली. "बाबा, हे तुमचं काही कामाचं हाय काय?" म्हणून तिने हातात दिली. कोरी करकरीत. अशा चार मी आणल्या होत्या. चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाला जो नट असतो, त्याच्या खाचेतून ही पिन आरपार घालून मागून दुमडायची, म्हणजे नट फिरत नाही. ती माझ्या खिशात होती, म्हणजे नटात नव्हती.

मी तडक गाडीखाली गेलो. डाव्या चाकाचा नट पाहिला. त्यावर पिवळा ठिपका होता.

तुला ठिपक्याचं सांगायला नको. कारखान्यात आपण दोघांनी तीच बाराखडी गिरवली. नट पूर्ण कसायचा आणि मग नटावर व खालच्या लोखंडावर मिळून एक पिवळा ठिपका द्यायचा. रंग लागला म्हणजे काम झालं, त्याच्याकडे पुन्हा पाहायचं नाही. मी घरीही तसंच करतो. हा ठिपका माझाच होता, शेवटी डावीकडे शेपूट निघालेला. मी नटाला दोन बोटं लावली आणि तो फिरला, लहानू. पाना लागला नाही. माझ्या डोळ्यांदेखत ठिपक्याचे दोन तुकडे झाले.

आधी मी पोरीवर संशय घेतला. खोटं कशाला बोलू? संध्याकाळी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, ठिपके तू तर नाही लावलेस? ती हसली. "आबा, तुमी मले त्या ब्रशले हात तरी लावू देता काय?" खरंच आहे. मी कोणालाच लावू देत नाही.

तो नट कसायचा राहिला हे मला आठवत नाही, ते एक वेळ चालेल. माणूस विसरतो. पण त्यावर रंग लावल्याचंही मला आठवत नाही. ती सबंध दुपारच माझ्याजवळ नाही. रविवारी सगळे नट तपासले, चौसष्ट. चार सैल निघाले. एक हा, एक इंजिनाच्या पायाचा, आणि दोन पुढच्या डाव्या ब्रेकचे. चौघांवरही माझा ठिपका.

मला भीती वाटते. हा शब्द मी तुझ्यासमोर कधी उच्चारला नसेल. नोकरीत होतो तेव्हा क्रेनवर लोंबकळून काम केलं, तेव्हा वाटली नाही. आता चहाच्या कपाची वाटते. परवा जिजाला म्हटलं, चहा दे. ती म्हणाली, "आत्ताच तं घेतला तुमी." मी तिच्यावर ओरडलो, की तू मला वेड्यात काढतेस. ती आत गेली. मोरीत माझा कप पडलेला होता, तळाशी साय ओली.

वर लिहिलं की गाडी छान चालली. ते खोडत नाही, पण ते खोटं आहे.

वाडीहून परतताना रितिका ऐंशीने चालवत होती. इंजिनचा आवाज ऐकून मी खूश होतो. ती म्हणाली, "आबा, गाडी डावीकडे ओढून राहिली." मी म्हटलं, "गाडी नाही ओढत, तुह्या हाताले सवय नाही." तिने ऐकलं. माझं ऐकते ती, तिला वाटतं आबाला सगळं कळतं. पुढे कोळशाचा ट्रक होता, त्याने अचानक वेग कमी केला. हिने ब्रेक दाबला आणि गाडी सरळ थांबायच्या ऐवजी डावीकडे वळून रस्ता सोडून खाली उतरली. किलोमीटरच्या दगडाच्या हातभर अलीकडे थांबली. माझ्या बाजूने. पोरीने विचारलं, "काहून असं झालं आबा?" मी काय म्हटलं माहीत आहे? नवीन ब्रेक आहेत, बसायला वेळ लागतो. आणि घरी कोणाला सांगू नको. तिने सांगितलं नाही. उलट त्या दिवसापासून स्वतःलाच दोष देते, की मला नीट चालवता येत नाही.

हातभर, लहानू. जेवताना घास उचलला तरी मला तो दगड दिसतो.

खाप्याच्या रस्त्यावर मागे तुझी बहीण बसलेली असेल.


गुरुवार, सकाळ

कालचं पुन्हा वाचलं. एक गोष्ट मी दोन दिवस टाळतो आहे, आणि ती तुलाही ठाऊक आहे.

शहाण्णव साली कारखान्यात जोडायला आलेल्या त्या गाड्यावर आपण दोघं होतो. उजवी बाजू माझी, डावी तुझी, मधले जोड दोघांचे. तपासनिसाने मधला एक नट हाताने फिरवून दाखवला. ठिपका शाबूत होता. त्याने विचारलं, हा कोणाचा? मी श्वास घ्यायलाही थांबलो नाही. म्हटलं, लहानूचा. तू माझ्याकडे पाहून एवढंच म्हणालास, "भाऊजी, तो माह्या हातचा नाही." मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, रंग खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. तुला जोडणीवरून काढून भांडारात बसवलं. तुझ्यासारख्या हाताला खिळे मोजायला लावले. दोन वर्षांत तू नोकरी सोडून भिवापूरला गेलास आणि माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवलं नाहीस. जिजाने मला एका शब्दाने विचारलं नाही. पण तुझं नाव निघालं की ती माझ्याकडे पाहायची नाही, अजूनही पाहत नाही.

तो नट तुझा होता असं मला त्या दिवशीही माहीत नव्हतं. माझा नसेल, एवढंच मी गृहीत धरलं होतं. माझ्याकडून चूक होत नाही, मग उरलास तू. एवढाच माझा हिशेब. तो माझा होता की तुझा हे आता कोणालाच कळणार नाही. पण मला माहीत नसताना मी तुझं नाव घेतलं. हे मी कोणाजवळ बोललो नाही, जिजाजवळही नाही. आज तुला सांगतो आहे, कारण शनिवारी स्वतःचा ठिपका स्वतःच्या बोटांनी मोडला, तेव्हा मला पहिल्यांदा तुझा त्या दिवसाचा चेहरा दिसला.

माफ कर म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो. मला माफ कर.

गाडीचं आता असं आहे. पुढची दोन्ही चाकं काढून मी ती लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आहे. घरात सांगितलं, एक भाग पुण्याहून यायचा आहे. चौसष्टही ठिपके थिनरने पुसले. नट सैल की कसलेले ते आता गाडीवरून कोणालाच कळणार नाही, म्हणून एकेक पाना लावूनच पाहावा लागेल. तो पाना मी लावणार नाही. तू लाव. रितिका तुझ्याजवळ बसेल, तिला तुझा हात पाहू दे. रंगाचा नवा डबा आणला आहे, झाकण फोडलेलं नाही. ठिपका तू द्यायचा. नाहीतर तू सांग की ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही, मग नाही नेणार. तुझं म्हणणं शेवटचं.

जिजाला मी अजून सांगितलेलं नाही. तू आलास की तुझ्यासमोर सांगेन, दोन्ही गोष्टी. रितिकालाही सांगेन की त्या दिवशी गाडीच ओढत होती. त्यानंतर ती मला आबा म्हणेल, पण माझं ऐकेल की नाही ठाऊक नाही. न ऐकलेलंच बरं.

मला सगळ्यात जास्त भीती रविवार सकाळची वाटते. आज मला सगळं आठवतं आहे. पण चाकं का काढली हेच रविवारी मी विसरलो तर? सगळे नवे कपडे घालून अंगणात उभे असतील, आणि मी म्हणेन, अरे, चाकं कोणी काढली? आणि दहा मिनिटांत बसवून मोकळा होईन. ते काम माझ्या हातांना अजून येतं. म्हणून गाडीची किल्ली या पाकिटात घातली आहे. दुसरी किल्ली नाही. ती तुझ्याजवळ असेपर्यंत माझी माणसं सुरक्षित आहेत.

आणखी एक. मी सोमवारी पोस्टाची दोन पाकिटं आणली होती. आज खणात एकच आहे. दुसरं घरभर शोधलं, सापडलं नाही. या मजकुराचं एक पत्र तुला आधीच आलं असेल, तर म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणून हे फेकू नकोस. मी माफी दोनदा मागितली असं समज, आणि एकदा ये.

तुझी वाट पाहणारा,
तुझा अपराधी भाऊजी,
गोपाळ