हिरोसाठी सरळ दात

१२ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. शुद्ध मराठीत लिहिणार. आजवर नाटकात व्हिलन केला. व्हिलन कसाही बोलला तरी चालतो, हिरोला शुद्ध बोलावं लागतं.
आमच्या नाटक कंपनीचा हिरो नोकरी लागून नागपूरला गेला. मी कंपनीच्या वडशाच्या ऑफिसात मालक गुणवंतरावांना भेटलो. म्हणालो, दिवाळीनंतरच्या सीझनला हिरो मला करा. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, प्रफुल, तुह्ये दात सरळ असते तं केलं असतं बाप्पा. म्हणजे शब्दच दिला. बाकीचे हसले. त्यांना आतलं कळत नाही.

१४ सप्टेंबर
आमच्या मूल गावाहून सकाळच्या बसने चंद्रपूर. दातांच्या डॉक्टर फरहत मॅडम. एक अक्कलदाढ आडवी आहे म्हणे. ती छोटं ऑपरेशन करून काढायची, मग दातांना तार. दीड वर्ष तरी लागेल. मी म्हणालो, सीझन दोन महिन्यांवर आलाय. त्या म्हणाल्या, भाऊ, दातांना सीझन कळत नाही.
माझ्या अंदाजाने सहा आठवडे पुरेत. डॉक्टर लोक वाढवूनच सांगतात.

१८ सप्टेंबर, दुपार
दाढ गेली. अजिबात दुखत नाही. बायको दिव्यानी म्हणते, इंजेक्शनचा असर हाय अजून. ती ब्लाउज शिवते, त्यामुळे तिला सगळ्यातच उसवलेलं दिसतं.

तोच दिवस, संध्याकाळ
असर गेला.

१९ सप्टेंबर
मॅडमनी बजावलं होतं. पहिल्या दिवशी गुळण्या नाहीत, थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी, तेही तोंडात हळू फिरवायचं. मला लवकर बरं व्हायचं होतं म्हणून कालच जोरात गुळण्या केल्या. रक्त आलं. दिव्यानीने गॉजची घडी चावायला लावली, दुपट्ट्यात बर्फ बांधून गालावर धरला आणि एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा बर्फ जास्त गार लागतो.
आई लवंग कुटून घेऊन आली, थेट जखमेत भरायला. दिव्यानीने अडवलं. आई म्हणाली, मले दाताचं काऊन शिकवतं, माह्ये सारे पडून गेले.

२१ सप्टेंबर
उजवा गाल टम्म. आरशात एका बाजूने भरदार दिसतो. हिरोचे गाल भरदारच पाहिजेत. आता फक्त डाव्या गालाचा प्रश्न.
जेवण गार ताक, गिल्ला मऊ भात, वरण. खर्रा सोडला. कायमचा.

२४ सप्टेंबर
खर्रा अर्धाच. तोही डाव्या बाजूने.

२५ सप्टेंबर
ठणका. थेट उजव्या कानापर्यंत. चंद्रपूर. मॅडमनी जखम धुऊन औषध भरलं आणि विचारलं, तंबाखू खाल्ला का? मी नाही म्हणालो. त्यांनी दिव्यानीकडे पाहिलं. दिव्यानीने पंख्याकडे पाहिलं.

८ ऑक्टोबर
तार बसून दोन दिवस झाले. चेहऱ्यावर वेगळंच तेज आलंय. ते तारेचं असावं.
सगळे दात दुखतात, जे कधी आठवतही नव्हते तेसुद्धा. गाल आतून सोलला. टोचणाऱ्या तारेवर लावायला मॅडमनी मेण दिलंय. चिमूटभर घेऊन गोळी करायची आणि दाबून बसवायची. आराम पडतो. दुपारी वरणभातासोबत गोळी पोटात गेली. फोन केला. मॅडम म्हणाल्या, काही होत नाही, पण जेवायच्या आधी काढत जा. मी विचारलं, दात सरळ झाले असतील का थोडे? फोन कट झाला. मूलला रेंजचा प्रॉब्लेम आहे.

१५ ऑक्टोबर
भुईमुगाचे फल्लीदाणे खाल्ले. तारेचं एक ब्रॅकेट दातावरून सुटलं. दाणे नीट भाजलेले नव्हते.

२८ ऑक्टोबर
वडशाला तालीम. मी हिरोचे सगळे संवाद पाठ करून गेलो होतो. गुणवंतराव म्हणाले, पाहू, सध्या व्हिलनच कर. यातला 'सध्या' महत्त्वाचा.

१० नोव्हेंबर
काल सिंदेवाहीजवळच्या एका गावात सीझनचा पहिला प्रयोग झाला. नाटक 'सासरचा उंबरा जळतो'. सविस्तर लिहितो, कारण उद्या लोक भलतंच सांगतील.
तिसऱ्या अंकात हिरोईन नवऱ्याच्या प्रेतावर पडून रडते आणि मी मागे उभा राहून खदाखदा हसतो. दरवर्षी या प्रसंगाला बाया पदर डोळ्याला लावतात. काल मी हसलो आणि तोंड मिटेना. घसा कोरडा पडलेला, मेण पडून गेलेलं, वरचा ओठ तारेवर चढून चिकटला. हिरोईन रडत होती आणि मी दात दाखवत उभा. बोटाने ओठ खाली ओढला, तर खालचा अडकला. पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, अगा, पाणी द्या कोनी त्याले, वाळून राह्यला तो. सगळा मंडप हसायला लागला. प्रेतसुद्धा हललं.
गुणवंतराव विंगेत डोकं धरून बसले होते. रडत असावेत असं मला वाटलं. नंतर कळलं, तेही हसत होते.
घरी दिव्यानीने न विचारता कोमट मिठाचं पाणी केलं. ओठ पार फाटला होता. पाणी झोंबलं, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. तिने दोन्ही बाजूंना नवं मेण बसवून दिलं आणि म्हणाली, तुमच्यावर इतके लोक कधी खूश झाले होते जी?
प्रश्न बरोबर होता.

२० नोव्हेंबर
आठ गावांतून फोन आले, सगळ्यांना 'तारवाला' पाहिजे. गुणवंतरावांनी व्हिलन दुसऱ्याला दिला आणि माझ्यासाठी नवीन पात्र लिहून घेतलं. हिरोचा मामा. कॉमेडी. हिरो मात्र पहिल्या प्रयोगापासून करतो तो चामोर्शीचा पोचूच. त्याचे समोरचे दोन दात एकावर एक चढलेले आहेत. दिव्यानी म्हणते, हसला का गोड दिसते तो.
गुणवंतरावांनी विचारलं, तार कधी निघते? मी म्हणालो, दीड वर्ष. ते खूश झाले. म्हणाले, म्हंजे पुढचा सीझनही भेटते.
उद्या फरहत मॅडमना फोन करणार. आपल्याला घाई नाही, दोन-तीन वर्षं लागली तरी चालतील असं सांगणार. दातांच्या तब्येतीसाठी. दुसरं काही कारण नाही.