फुगवट्याची रेघ

मी, श्रीमती वेणूबाई श्रीनिवास मुधोळकर, वय वर्षे त्र्याहत्तर, पदार्थविज्ञानाची निवृत्त शिक्षिका, राहणार विद्यानगर, हुबळी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांचे मत तितके चांगले नाही. तोही कागद जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून वळवलेले नाही. गोड बोलणारे माझ्याकडे फारसे येत नाहीत. यापूर्वी २०११ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते खोटे नव्हते, अपुरे होते.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. बाळकृष्ण कट्टी, धारवाड, यांनी करावी. सब-रजिस्ट्रार कचेरीसाठी कन्नड भाषांतर तेच करतील. अर्थाबद्दल वाद झाला तर मराठी मजकूर खरा धरावा.

२. विद्यानगरचे राहते घर माझा मुलगा सुधींद्र आणि मुलगी शुभांगी यांना निम्मे-निम्मे. दोघे बंगळूर आणि पुणे सोडून इथे राहायला येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. विकावे, पण वरच्या भाडेकरूंना मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत हलवू नये. छतावरचे सोलर आणि जिन्याखालचा इन्व्हर्टर घराबरोबर जातील. घर विकले जाईपर्यंत बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. २०१६ साली सुधींद्रने नळाचे पाणी घालून एक बॅटरी मारली. तो इंजिनिअर आहे म्हणून मुद्दाम लिहिले.

३. बँकेतल्या ठेवी दोघांना सारख्या. दागिने शुभांगीला. तिने ते मोडून काही केले तरी माझी हरकत नाही.

४. माझ्या पतीची आरामखुर्ची माझे धाकटे दीर उमेश यांना. १९७९ साली, माझ्या माहेरी सर्वांसमोर, ते म्हणाले होते, "वहिनी नकाशे वाचतात, मग पोळ्या कोण लाटणार?" त्या वाक्याचा राग मी सेहेचाळीस वर्षे धरला आहे. त्या दिवशी मी खरोखरच पोळ्या लाटत बसले असते, तर एक संसार वाचला असता. तरी राग मागे घेत नाही. खुर्ची घ्यावी.

५. आता जमीन. या कलमासाठीच मी नवे मृत्युपत्र करते आहे.

अळणावरच्या पश्चिमेला माळकोप्प नावाचे गाव होते. माझे वडील विठ्ठलराव तिथे शाळामास्तर होते. नदीवर विजेचे धरण बांधायला घेतले आणि गाव बुडणार असे ठरले. वडिलांची गावाबाहेरची माळावरची जमीन, चार एकर बारा गुंठे, उंचावर असल्याने वाचली. ती आज माझ्या नावावर आहे.

सर्व्हेवाल्यांनी बुडणाऱ्या घरांच्या चौकटींवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकले. गावाच्या वरच्या टोकाला, नदीच्या वळणावर, तुकाराम गावडे याचे घर होते. त्याचा नंबर ३७. नवीनच बांधलेले घर, लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेले. तो वडिलांकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, आमचं घर इतक्या उंचावर, तिथं पाणी कसं येईल?" वडिलांनी मला बोलावले. पंचक्रोशीत बी.एस्सी. झालेली मी एकटी होते.

वडिलांकडे जुना नकाशा होता, फुटांचा. सरकारी नोटिशीत धरणाची पूर्ण पातळी मीटरमध्ये होती. मी गणित केले. तुकारामचे घर पाण्यापासून दोन मीटर दहा सेंटिमीटर वर निघाले. मी सांगितले, नंबर चुकून टाकला आहे. तुकारामची बायको जनाबाई ताक घेऊन आली होती, ती उंबऱ्यावर थांबली. तिने विचारले, "अक्का, पावसात नदी फुगती, ते पाणी कुठं जाईल?"

मी तिला सांगितले, "अगं, धरणातले पाणी सपाट असते. ताटातल्या पाण्यासारखे." आणि हसले.

मग मी घर यादीतून वगळण्याचा अर्ज लिहिला. इंग्रजीत, दोन पाने, आकड्यांसह. तुकारामने अंगठा उठवला. इतका चांगला अर्ज त्या कचेरीत बहुधा दुसरा आला नसावा, कारण तो तीन महिन्यांत मंजूर झाला. तुकारामने चौकटीवरचा नंबर रॉकेलने घासून काढला आणि आम्हाला दोन फणस आणून दिले. आम्ही ते खाल्ले.

माझे गणित चुकले नव्हते. मी आजही ते तपासून पाहिले. चुकली ती समज. धरणाच्या भिंतीपाशी पाणी सपाट असते. जिथे भरल्या धरणात पुराची नदी येऊन घुसते, तिथे ते मागे सरते आणि चढते. त्याला फुगवटा म्हणतात. सर्व्हेवाल्यांनी तो धरला होता, म्हणून नंबर टाकला होता. जनाबाईने नेमके तेच विचारले होते.

ऑगस्ट १९८३. धरण भरलेले, नदीला पूर. तुकारामच्या घरात नऊ दिवस पाणी उभे राहिले. मातीच्या भिंती बसल्या. त्यांची मुलगी अनिता तेव्हा तीन महिन्यांची होती. गावातल्या इतरांना तोवर दुसरीकडे जमिनी मिळाल्या होत्या. तुकाराम कचेरीत गेला तेव्हा खिडकीवरच्या माणसाने त्याला त्याचाच अर्ज दाखवला. "कागदावर तुझं घर बुडत नाही," असे त्याला सांगण्यात आले. तो हुबळीजवळ तारिहाळला ओतकामाच्या कारखान्यात लागला. तिथली धूळ छातीत भरली. १९९१ साली गेला.

पुढच्या वर्षी जनाबाई माझ्या दारात आली. "अक्का, सैपाकाला बाई पायजे काय?" इतकेच म्हणाली. मी हो म्हटले. त्याला तेहतीस वर्षे झाली. त्या घराबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही. तिच्या हातचे दोन वेळा जेवत राहिले आणि कॉलेजात मुलांना द्रवाचा दाब शिकवत राहिले.

यंदा मार्चमध्ये सुधींद्रचा फोन आला. त्याची कंपनी पाणी चढवून वीज साठवण्याच्या प्रकल्पांचे आराखडे करते.

"आई, वरचा तलाव नेमका तुझ्या माळावर येतोय. दुपारी सोलरची वीज जास्त झाली की पाणी खालून वर चढवायचं, संध्याकाळी दिवे लागले की सोडायचं. पाण्याची बॅटरीच समज."

"मला बॅटरी शिकवू नकोस. खालचा तलाव कोणता?"

"जुनंच धरण. नवीन काहीच बुडत नाही."

"त्यात पाणी रोज किती चढणार, किती उतरणार?"

"दीड मीटर. पण काठावर वस्ती नाही."

"उन्हाळ्यात तिथे गाळपेर करतात."

"ती जमीन सरकारची आहे, आई. कागदावर तिथं कोणी नाही."

मी फोन ठेवला. ते वाक्य त्याला मी शिकवलेले नाही, पण ते आमच्या घरातलेच आहे.

वाचणाऱ्यांना गाळपेर ठाऊक नसेल तर: धरणाचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळात काठची माणसे मूग, काकडी, कलिंगड लावतात. ज्यांची शेते खाली बुडाली, तीच ही माणसे. पाणी रोज खालीवर होऊ लागले की तो गाळ कधीच वाळणार नाही.

माझे हे लिखाण प्रकल्पाविरुद्धचा कागद म्हणून कोणी वापरू नये. साठवण हवीच आहे. दुपारी वीज वाया जाते आणि संध्याकाळी सातला कमी पडते. शंभर युनिटे लावून पाणी चढवले तर उतरताना पंचाहत्तर-ऐंशी हाती लागतात, आणि तरीही ते करण्यासारखे आहे. ते जुने धरणही करण्यासारखे होते. हे मी पूर्ण विचाराने लिहिते आहे, आणि त्याने मला बरे वाटत नाही.

पहिल्या मसुद्यात, ज्याचा शेवटचा कागद आता बदलला आहे, ही जमीन मी जनाबाईला दिली होती. मजकूर निम्मा तिचा असल्याने गेल्या गुरुवारी दुपारी स्वयंपाकघरात तिला वाचून दाखवला. ती शेंगा सोलत होती.

वाचून झाल्यावर म्हणाली, "अर्ज तुम्ही लिवला, ते हाय त्यात?"

"आहे."

"मी इचारलं हुतं, ते?"

ते नव्हते. मी ते गाळले होते. वर तिचा प्रश्न आहे, तो तिच्यासमोर बसून घातला.

"खाली सही कोण करणार?"

"दोन साक्षीदार लागतात. एक कट्टी वकील. दुसरे शेजारचे कोणी."

"दुसरी मी करतो."

"तुला नाही करता येणार. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही दिले तर ते कोर्टात अडकते, असे कट्टी वकील सांगतात. सही केलीस तर जमीन जाईल."

तिने एक शेंग हातात धरून ठेवली. "जाऊ दे की."

"चार एकर आहे, जनाबाई. कंपनी चांगला भाव देईल."

"अक्का, आमच्या मालकानं मरंस्तवर हेच म्हटलं, की माझंच चुकलं, मीच अंगठा दिला. मी म्हणायची, तुमचं नव्हं. खरं त्यास्नी पटलं न्हाई. आता कागदावर आलंय, तर त्याच्या खाली माझं नाव पायजे."

मी विचारले, "मग जमीन अनिताला देऊ? मुलीला देता येते."

"द्या. तिला ते घर आठवत न्हाई. मला आठवतंय."

मी तिची क्षमा मागितली. तिने शेंगा सुपात घेतल्या आणि मागच्या दारी गेली. संध्याकाळी आमटी केली. मीठ नेहमीसारखेच बरोबर होते.

म्हणून: माळकोप्पची चार एकर बारा गुंठे जमीन कु. अनिता तुकाराम गावडे, वय बेचाळीस, राहणार तारिहाळ, हिला पूर्णपणे. ती विकावी, ठेवावी की तलावाला द्यावी, हे तिने ठरवावे. माझी अट नाही, एक सांगणे आहे. कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी खालच्या तलावाचे पाणी रोज कुठवर चढेल आणि पुरात कुठवर येईल, त्या दोन्ही रेघा काठावर चुन्याने मारून घ्याव्यात, आणि त्या तिथल्या लोकांना कन्नड आणि मराठीत वाचून दाखवाव्यात. उंबऱ्यावरून कोणी प्रश्न विचारला तर उत्तर येईपर्यंत थांबावे.

६. वडिलांचा नकाशा सुधींद्रला. त्यावर १९७९ ची माझी पेन्सिलची रेघ आहे, आणि १९८३ च्या चिखलाच्या खुणांवरून मी नंतर लाल शाईने काढलेली फुगवट्याची रेघ आहे. दोन रेघांच्या मध्ये एक लहान चौकोन आहे. त्याने तो नकाशा कचेरीत आपल्या टेबलासमोर लावावा. दुसरे काही त्याला मी शिकवू शकले नाही.

७. माझे दिवस-कार्य मुलांना सोयीचे असेल तसे करावे. रक्षा कुठल्याही वाहत्या पाण्यात सोडावी, त्या धरणात सोडू नये.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला आहे. खाडाखोड एकाच ठिकाणी आहे, पाचव्या कलमात, जनाबाईच्या प्रश्नापाशी. तिथे माझी आद्याक्षरे आहेत. साक्षीदारांसमोर मी सही करीत आहे आणि त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर करावी. वकिलांनी रिवाजाप्रमाणे टेबलावर अंगठ्यासाठी शाईचा डबा ठेवला आहे. जनाबाईने तो बाजूला सारून पेन मागितले आहे. अनिता पहिलीत असताना तिच्या पाटीवर जनाबाई सही करायला शिकली होती, हे मला आज कळले.

ठिकाण: विद्यानगर, हुबळी
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार:
वेणूबाई श्रीनिवास मुधोळकर (सही)

साक्षीदार:
१. ॲड. बाळकृष्ण कट्टी, धारवाड (सही)
२. जनाबाई तुकाराम गावडे, घर नंबर ३७, माळकोप्प (सही)