पणजोबांची मागची भिंत

प्रिय अगं,

हा कसला मायना, म्हणून तू कपाळाला हात लावशील. पण अडतीस वर्षांत मी तुला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलीय, तूच सांग. पत्रासाठी काहीतरी गोड शोधायला बसलो तर तीन कागद फुकट गेले. फोनवर तू ‘गोळी घेतली का’ एवढंच विचारतेस आणि माझं ‘हो’ पुरतं बाहेर पडायच्या आत फोन लेकीच्या हातात देतेस. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून हा खटाटोप. पंधरा दिवसांसाठी म्हणून लेकीकडे गेलीस, त्याला परवा आठ महिने झाले. सुरुवातीला मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण राग धरून बसायलाही पोटात काहीतरी लागतं, आणि इथे स्वयंपाक मी करतोय.

घर ठीक आहे. म्हणजे रस्त्यावरून ठीक आहे. आपलं घर रस्त्यावरून नेहमीच ठीक असतं. चारही गोल खांब जाग्यावर, कमानी जाग्यावर, दारावरची चुन्याची वेलबुट्टी जाग्यावर. वरच्या मजल्याच्या पाच खिडक्यांना शिडी लावून हिरवा रंग दिला. वरचा मजला असं लिहिलं की तुझ्या वडिलांची आठवण येते. स्थळ बघायला आले तेव्हा बिचारे रस्त्यातच थबकले होते, दुमजली घर म्हणून. मग लग्नानंतर तू दोन दिवस जिना शोधत फिरलीस. नवी नवरी, विचारणार कोणाला? तिसऱ्या दिवशी माझ्या आईनेच हसत सांगितलं की अगं, वर मजलाच नाही, नुसत्या खिडक्या आहेत. पणजोबा होड्या बांधणारे सुतार. बंदरावरच्या गोऱ्या साहेबाचा बंगला त्यांच्या मनात भरला, पण फाटकाच्या आत त्यांना कोणी घेईना. मग बाहेरून जेवढा दिसला तेवढा त्यांनी हुबेहूब उतरवला, वरच्या खिडक्यांसकट. त्या खिडक्यांच्या मागे साहेब काय करतो ते ठाऊक नसल्यामुळे मागे आपलं नेहमीचं घर बांधून टाकलं: उतरतं कौलारू छप्पर, मधे अंगण, बुटकी ओसरी आणि शेवटी ते काळोखं स्वयंपाकघर. तुझे वडील शेवटपर्यंत मला ऐकवायचे, जावईबापू, बडा घर पोकळ वासा. मी हसण्यावारी न्यायचो. साहेबी मजल्यावर अजून पारवेच राहतात. तू गेल्यापासून घरात बोलणारे तेवढेच.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणजे, यायचा धीर गोळा करतो. तू जायच्या आदल्या दिवशी मी खांबांचा रंग कालवत होतो, आणि तू म्हणालीस की त्यापेक्षा स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला एक खिडकी पाडू या. हे काही पहिल्यांदा म्हणाली नव्हतीस. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून म्हणत होतीस. मी नेहमीचं उत्तर दिलं, ती भिंत पणजोबांची आहे. त्यावर तू पदराला हात पुसत म्हणालीस, भिंत पणजोबांची असेल, डोळे माझे आहेत. मला वाटलं, संपला विषय. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस तरी माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. आणि जन्मभर नोकरी कसली केली, तर नगरपालिकेत घरांचे नकाशे तपासायची! स्वयंपाकघराला खिडकी नाही म्हणून लाल शेरा मारून मी किती जणांचे नकाशे परत पाठवले असतील, देव जाणे. लोक हातापाया पडायचे आणि मी त्यांना सुनावायचो, अहो, घरातली बाई दिवसभर तिथे उभी असते, तिला उजेड नको? मग संध्याकाळी घरी येऊन तू त्या काळोखात रांधलेलं मिटक्या मारत खायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि वर नगरपालिकेचा शिक्का.

तू गेल्यावर मी आधी साफसफाई काढली. बरण्यांच्या गळ्यांना कसल्याशा चिंध्या बांधलेल्या होत्या, एकीला एक गाठ, दुसरीला दोन. काय हा गबाळेपणा, म्हणत सगळ्या सोडून केरात टाकल्या. झालं! तेव्हापासून मी मिठाचा चहा पितोय आणि साखर घातलेली डाळ खातोय. बल्ब आहे म्हणावं तर तो आपल्या पाठीमागे, त्यामुळे समोर पडते ती आपलीच सावली. आणि वीज तर काय, पाहुण्यासारखी येते. चौथ्या दिवशी बरणीत बोट घालून चाटताना मला कळलं की त्या चिंध्या नव्हत्या. एक गाठ मीठ, दोन गाठी साखर. तू बोटांनी ओळखत होतीस! अडतीस वर्षं तू आत चाचपडत होतीस आणि मी बाहेर खांब पुसत होतो. मला लाज वाटली गं. तिथेच पाटावर बसून राहिलो.

तशात जुन्या घरांची यादी करणाऱ्या बाई आल्या. तुला माहीतच आहे, त्यांनी पसंत केलं की दाराशी पितळी पाटी लागते. शेजारच्या माझ्या चुलतभावाला ती गेल्या वर्षी मिळाली आणि रोज सकाळी मी दार उघडलं की हा पठ्ठ्या नाकावर टिच्चून पाटी पुसत उभा. मी कोट घालून बाईंचं स्वागत केलं, खांबांची माहिती सुरू केली. त्यांनी खांबांकडे पाहिलंच नाही. असे दर्शनी भाग याच रस्त्यावर सतरा आहेत म्हणाल्या आणि तडक मागे गेल्या. स्वयंपाकघरात मात्र भिंतीला तळवा लावताच त्यांचे डोळेच भरून आले. दगडमातीची, दोन हात जाड, आणि एकही भोक न पाडलेली भिंत त्यांनी आजवर पाहिली नव्हती म्हणे. पाटी नक्की, अट एकच, या भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही. गुरुवारी कागद आणते, सही करा. मी चहा दिला तो त्यांनी चेहरा न बदलता संपवला, यावरूनच समज त्यांना भिंत किती आवडली होती. जाताना सहज विचारलं, इथे स्वयंपाक कोण करतं? मी म्हटलं, आमची मंडळी. मग दिसल्या नाहीत त्या? यावर ‘लेकीकडे गेलीय’ हे दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात.

बुधवारी सकाळी मी गवंड्याला बोलावलं. तोच आपला, मिशीवाला. त्याने तीनदा विचारलं, भाऊ, शुद्धीवर आहात ना? पहिला घाव मीच घातला. पहार हातातून सुटून पायावर पडली, अंगठा वांग्यासारखा झालाय, पण चालता येतं, काळजी करू नकोस. दुपारी पहिला दगड पलीकडे पडला आणि बशीएवढा उजेड थेट शेगडीवर आला. त्या भोकातून समुद्र दिसला गं! घरामागे समुद्र आहे हे मला नकाशावरून ठाऊक होतं. तू मात्र रोज त्याच्यासमोर उभी होतीस, आणि मधे पणजोबा, आणि पणजोबांच्या आड लपलेला मी.

गुरुवारी बाई आल्या तेव्हा आम्ही दोघं गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक. त्या मला काय काय बोलल्या ते लिहीत नाही, लेक पत्र वाचेल. बोलून दमल्या तेव्हा दगडांच्या ढिगावर बसल्या आणि भोकातून बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. मग कागद पिशवीत परत घातले आणि गवंड्याला बजावलं, मेल्या, निदान सिमेंट तरी फासू नकोस, चुन्यातच बांध. पाटी गेली ती गेलीच. चुलतभाऊ सांत्वनाला आला होता, फडकं हातात घेऊनच.

आता काम अडलंय आणि तेवढ्यासाठीच हे पत्र. गवंड्याने विचारलं, खिडकी जमिनीपासून किती उंचीवर धरू? मी झटकन नियम सांगितला, तीन फूट. तो म्हणाला, इथे नियम उभा राहणार आहे की वहिनी? त्यांची उंची सांगा. मी हात वर केला. आधी खांद्याला लावला, मग कानाला, मग पुन्हा खाली हनुवटीशी आणला. तो मिशीत हसायला लागला. खांबांचा घेर मला इंचात पाठ आहे, आढ्याची उंची झोपेत विचार. तुझी मला माहीत नाही. लग्नाचा फोटो शोधून काढला तर त्यात तू खुर्चीवर बसलेली. कपाटातली तुझी साडी उलगडून मापायला घेतली, तेव्हा गवंडी म्हणाला, भाऊ, साड्या सगळ्या बायकांच्या सारख्याच असतात. लेकीला विचारलं असतं तर तिने आकडा सांगितला असता, पण मला आकडा नकोय. तू ये. त्या भिंतीसमोर उभी राहा, आणि तुझी नजर जिथे पोचते तिथे मला खडूने रेघ मारू दे. नंतर राहायचं की परत जायचं ते तू ठरव, मी चकार शब्द काढणार नाही. सध्या भोकाला गोणपाट लावलंय. गवंड्याला दुसरं काम आलंय, सोमवारनंतर तो थांबणार नाही म्हणतो. मी थांबेन.

तुझाच,
अहो